बिनबोलाची पाळी

सन चौऱ्याहत्तरची जयंती. पोखर्णीच्या मांडवात दोन गायन पार्ट्यांचा मुकाबला लागलेला, अन् आश्रुबाच्या पार्टीचा पत्ताच न्हाई! गायक तात्याराव, पेटीवाला, ढोलकीवाला, सगळे एकाच एसटीत बसले अन् ती एसटी देवगाव फाट्यावर बंद पडली. निरोप आणला एका ट्रकवाल्यानं. आश्रुबा तेवढा सोनपेठहून आदल्या दिवशीच येऊन बसला होता.

मुकाबल्याची शर्त अख्ख्या गावाला तोंडपाठ. पाळी अर्ध्या तासाची. आपल्या पाळीत साज थांबला की हार. अन् दुसऱ्याच्या पाळीत साजाला हात लावला तरी हारच. पंच होते लिंबाजी गुरुजी, घड्याळ बघून निकाल देणारा खडूस माणूस.

आश्रुबा शाळेत कारकून. हैदराबादेतून त्यानं एक जुनी गिटार आणली होती. ती मांडीवर आडवी ठेवायची अन् तारांवरून लोखंडी दांडी सरकवत वाजवायची. बायको कुसुमबाई म्हणायची, "ह्याला ना बोल, ना टाळी. कुणासाठी वाजवायलाव?" तात्यारावांनी तर परवा तोंडावरच सांगितलं होतं, "माझ्या गाण्यात मधी मधी घुसतोस. एवढा मुकाबला झाला की गिटार बंद. टाळ धर, न्हाईतर घरी बस." त्या दिवशी आश्रुबा जेवला नव्हता.

गुरुजींनी पाळी पुकारली. आश्रुबा एकटाच मंचावर चढला. गिटार मांडीवर आडवी घेतली.

त्यानं तार छेडली. पाच मिनिटं गेली, सात गेली. लोक म्हणायला लागले, "आरं, अजून सूरच लावायलाय ह्यो!" समोरच्या पार्टीचा गायक सटवाजी उठला. "गुरुजी, गाणं कुठाय? ही तर नुसती तयारी हाय. द्या निकाल."

गुरुजींनी घड्याळाकडं बघितलं, मग आश्रुबाच्या हाताकडं. "साज थांबला न्हाई. बसा खाली."

येत होत्या तेवढ्या चाली दहा मिनिटांत संपल्या. आता काय वाजवावं? घामानं दांडी निसटायला लागली. हात उचलला की सगळं गेलं, पार्टीही अन् गिटारही. तेवढ्यात सुरांचा एक तुकडा हाताला लागला. त्यानं तो पुन्हा वाजवला, वाकडा करून वाजवला, वर नेला, खाली आणला, पण सम काही गाठू दिली न्हाई. बोल असले की माणूस बोलाचं बोट धरून पोचतो मुक्कामाला. इथं पुढं काय हाय ते कुणालाच ठाऊक नव्हतं, वाजवणाऱ्याला तर मुळीच न्हाई. मांडवातला कालवा आपोआप मिटला. पान लावणाऱ्याचा हात चुन्याच्या डबीतच राहिला.

सटवाजीचा ढोलकीवाला चंद्रभान मांडीवर बोटं नाचवायला लागला. सटवाजीनं डोळे वटारले. चंद्रभाननं बोटं आवरली, पुन्हा सुटली, पुन्हा आवरली. अन् एका क्षणी त्याची थाप ढोलकीवर पडलीच!

सटवाजीनं त्याचं मनगट धरलं. "आरं बेअक्कल, हरलो ना आपण!"

"हरलो तर हरलो, दादा," चंद्रभान हात सोडवून घेत म्हणाला. "किती येळ झाला, त्याला एकट्याला कसं सोडू?"

गुरुजींनी निकाल पुकारला. आश्रुबाची पार्टी जिंकली, आता थांबलं तरी चालतंय. पण आश्रुबा थांबला न्हाई अन् चंद्रभानही न्हाई.

तेवढ्यात तात्याराव आले, धुळीनं पांढरे झालेले. गर्दीनं वाट दिली. ते मंचावर चढताना आश्रुबानं बघितलं. त्यानं वाजवता वाजवताच तात्यारावांच्या गळ्याची पट्टी धरली, बाजूला सरकला, माईक मोकळा केला. झालं, संपलं म्हणून मनाची समजूत घातली.

तात्यारावांनी माईक धरला, तोंड उघडलं. मग मिटलं. माईकचा दांडा वाकवून त्यांनी गिटारीसमोर आणला. दांडा ढिला होता, खाली टिकेना. तेव्हा मांडवातल्या त्या मोठ्या गायकानं गुडघे टेकले अन् वाजवणं संपेस्तोवर तो हातानं धरून ठेवला.