जोडे घातलेला कावळा

मुलांसाठी पुस्तकं कशी करावीत, हे मी नवापूर ते नंदुरबार ज्या माणसाला समजावलं, त्याचाच त्या संध्याकाळी मुलांची पुस्तकं केल्याबद्दल सत्कार होता. मुख्य भाषण माझं होतं.

गाडीत हा अनोळखी माणूस वहीत चित्र काढत होता. पेन्सिल जिभेला लावायचा आणि कागदाकडे बघून स्वतःशीच हसायचा. कावळ्याच्या पायांत जोडे दिसले, तसा माझ्यातला मास्तर जागा झाला. "मुलांना हे पटणार नाही," मी म्हणालो.

"मोठा मानूसले पटनं नही, म्हंजे चित्र जमनं," तो म्हणाला आणि पान फाडून त्यानं मलाच दिलं. मी त्यात शेंगांची टरफलं बांधून पुडी खिशात टाकली.

सभेत खानदेशातले लेखक-चित्रकार जमले होते आणि सत्काराच्या खुर्चीवर तोच. शाल-नारळ राहिलं बाजूला, त्याच्या वहीतल्या नव्या पुस्तकाची पानं हातोहात फिरू लागली. एकानं विचारलं, "काट्यांतून कावळा लग्नाला पोचला कसा? मधलं पान कुठंय?"

तो माझ्या खिशाकडे पाहू लागला. नाइलाजानं मी उठून पुडी उलगडली. टरफलं अध्यक्षांच्या मांडीवर सांडली. पण जोडेवाला कावळा दिसताच पांढऱ्या मिशांचे चित्रकारसुद्धा पोरांसारखे टाळ्या पिटू लागले, आणि तो लाजून पेन्सिल जिभेला लावू लागला.

मग मी भाषणाचा कागद काढला. अध्यक्ष धोतर झटकत म्हणाले, "बसा मास्तर. इतली पुरे, आते आखो टरफलं नको."