भावजींचा कोपरा

अख्ख्या शिरूरमध्ये कधीच खोटं न बोललेला माणूस एकच, आमचे धाकटे दीर; आणि त्याचं बक्षीस त्यांना असं मिळालं की वैऱ्यालाही मिळू नये. भावजींचं सगळंच जगावेगळं. ताटात भाजी भाकरीला लागली की दोन्ही वेगळी करून मगच घास उचलायचे. कुणी सहज म्हणालं, "या एकदा चहाला," की दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या दारात हजर! लग्नात ताशा कडाडला की हे कानांवर हात ठेवून सरळ घरी. शेजारणीनं नवी साडी नेसून विचारलं, "कशी दिसते, भावजी?" तर म्हणाले, "साडी चांगली हाय, तुमाला न्हाई शोभत." बाई कितीतरी दिवस आमच्याकडं विरजणाला फिरकली नाही, बघा!

अशा माणसाला कोरेगाव भीमाच्या एका कारखान्यात चिकटवलं ते एका म्हाताऱ्या सुपरवायझरनं. पॅकिंगच्या लांबच्या कोपऱ्यात बसवलं, कानात घालायला कापूस दिला आणि सगळ्यांना बजावलं, "ह्याला एका वेळी एकच काम सांगा, आन् वरडू नका." झालं! भावजी शीळ घालत कामाला जायला लागले. पण ते म्हातारे निवृत्त झाले आणि नवे साहेब आले.

दसऱ्याला मशीनींची पूजा झाली. साहेबांनी आपट्याचं पान पुढं केलं, "घ्या सोनं!" भावजी म्हणाले, "साहेब, हा पाला हाय." साहेब मिठी मारायला गेले, तर हे मागं सरकले. सगळे हसले, साहेब तेवढे हसले नाहीत. सण सरला आणि भावजींना प्रेस मशीनवर टाकलं, त्या धडाधडीत. दुपारच्या आत कान दाबून टेबलाखाली जाऊन बसले. त्यांना घरी पाठवलं, ते कायमचंच.

मी गेटवर गेले. म्हटलं, "साहेब, त्यांचा कोपरा तेवढा परत द्या. कंपनीचं काय जातंय?"

"बाई, ही धर्मशाळा नाही. धड नजरेला नजर देत नाही तो!"

माणसापेक्षा मशीन बरी. ती कुरकुरली तर तेल तरी घालतात.

तेव्हापासून दिवेलागणीला भावजी माझ्यासमोर पाटावर बसायचे. नजरेला नजर द्यायची सवय दुसरीकडं मुलाखतीला उपयोगी पडेल म्हणून विचारायचे, "वहिनी, बघू का?" आणि माझ्या डोळ्यांत बघत राहायचे. ओठ थरथरायचे, डोळे वाहायचे, पण हटायचे नाहीत.

"जमतंय का?"

"जमतंय की, भावजी," मी म्हणायची. आणि तव्यावर काही नसतानाही, भाकरी करपतेय म्हणून चुलीकडं तोंड फिरवायची.