रायभानने न घेतलेली पायली

भोकरदनच्या बसस्टँडमागे रायभानचं कॉम्प्युटर सेंटर होतं, तेव्हा शाळेत शिकवून झालं की मी तिथे जाऊन बसायचो. चहा त्याचा, बडबड माझी. पोरगा मेंढपाळाचा. बाप त्रिंबक अजून मेंढरांमागे फिरायचा, आणि हा औरंगाबादला शिकून दोन हजार तीन साली परत आला तो डोक्यात एक खूळ घेऊन.

त्याने दूध डेअऱ्यांसाठी मराठीत प्रोग्राम लिहिला होता. कुणाचं दूध किती, फॅट किती, दहा दिवसांचा हिशोब, सगळं त्यात. प्रोग्राम मुक्त आहे म्हणायचा. मुक्त म्हणजे काय, असं मी विचारलं.

"सर, घ्या, वापरा, आतलं उघडून बघा, पाहिजे तसं बदला. फकस्त पुढं दुसऱ्याला देताना तसंच उघडं द्या, आन् लिहिणाऱ्याचं नाव पुसू नका. एवढीच अट."

"आणि तुझं पोट?"

"क्लासवर चालतंय की."

कसलं चालतंय! चोरून उतरवलेले प्रोग्राम शिकवायचे नाहीत, हे त्याचं दुसरं खूळ. बाकीचे सेंटरवाले तेच शिकवत होते, म्हणून पोरं तिकडे पळाली. इकडे खुर्च्या रिकाम्या, आणि हा पठ्ठ्या बसने पिंपळगाव रेणुकाईला. तिथले डेअरीचे चेअरमन कारभारी यांनी त्याचा प्रोग्राम पहिल्यांदा घेतला होता. दुधाचे दर बदलले, मशीन बिघडलं, की रायभान हजर.

"तुमचं काय द्यायचं?" कारभारींनी एकदा विचारलं. मी सोबत होतो.

"काही न्हाई."

"बिलकुल काहीच न्हाई?" कारभारींचा चेहरा पडला. मला वाटलं होतं, माणूस खूश होईल.

त्याचा अर्थ मला त्रिंबककडून कळला. तो सेंटरमध्ये आला, खुर्चीवर न बसता भिंतीला टेकून खाली बसला आणि पोराला म्हणाला, "आपुन खतासाठी लोकांच्या वावरात मेंढरं बसवतो. लेंड्या मेंढरं टाकतेत, त्याचा आपल्याला काय खर्चा? तरी धनी ज्वारीच्या पायल्या मोजून देतो. आपुन कळप राखत बसतो म्हणून देतो. तुझ्या चुलत्यानं एकदा वळखीत पायली घेतली न्हाई. धन्याला वाटलं, ह्यानं आपला हरभरा चारला असंल, म्हणून मागायला लाजून राह्यलाय. पुन्हा त्याला वावरात येऊ दिलं न्हाई."

मीही रागावलो. "प्रोग्राम खुशाल वाट. पण तू जातोस, दुरुस्त करतोस, त्याचं माग ना. तुझ्या त्या अटीत मागू नको असं लिहिलंय का?"

"न्हाई लिहिलं. उलट बराबर घेता येतं. पण मला मागणं जमत न्हाई, सर."

त्याच्या या न जमण्याचं मला फार वाईट वाटायचं, आणि चीडही यायची. सेंटर त्यापायी बुडत होतं.

मग शहरातून एक विक्रेता आला. त्याचा प्रोग्राम कुलपातला, दरवर्षी नवी किल्ली विकत घ्यायची. कारभारींनी तो घेतला. मी तोंडावर विचारलं, तर म्हणाले, "पैसे घेतो म्हंजी कायतरी दम असंल. ह्या पोराचं काय, आज हाय, उद्या न्हाई." बाकीच्या डेअऱ्या त्यांच्या मागे गेल्या. फुकटाला संशय आणि विकतच्या दुखण्याला मान, असं आमचं शहाणपण.

रायभानने सेंटरची पाटी उतरवली आणि पुण्याला नोकरी धरली. जाताना प्रोग्रामच्या सीडी वाटून गेला. एक वडीगोद्रीच्या डेअरीत काम करणाऱ्या सत्यशीलाला दिली.

पुढे त्या विक्रेत्याने धंदाच गुंडाळला. ऐन दुधाच्या पगाराच्या दिवशी पिंपळगावचं मशीन किल्ली मागत बसलं. आतलं कुणालाच उघडता येईना, लोक दूध ओतून पैशासाठी दारात उभे. कारभारी माझ्याकडे धावत आले. मी रायभानला फोन लावला.

"सर, मला येता येत न्हाई. सत्यशीलाला विचारा. तिनं त्यात माझ्यापेक्षा चांगली भर घातलीय."

ती रायभानचा प्रोग्राम घेऊन आली. जुना हिशोब लोकांच्या दुधाच्या कार्डांवरून पुन्हा भरावा लागला, पण डेअरी चालू झाली. तिने वर्षाला काय घेणार ते आधीच सांगितलं, आणि कारभारींनी बिनबोभाट कबूल केलं. पडद्यावर सुरुवातीला रायभानचं नाव येत होतं, खाली तिचं. बाहेर मेंढरं थांबवून त्रिंबकही बघायला आला होता. त्याला वाचता येत नाही. मी बोट ठेवून दाखवलं. त्याने त्या नावावरून आपलंही बोट फिरवलं.

"अन् घरी कव्हा येतो म्हणला?"

कारभारी आत गेले, ज्वारीची पिशवी आणून त्याच्यापुढे ठेवली. "पोराचं राहून गेल्तं. न्या घरी."

त्रिंबकने पिशवी हळूच मागे सारली.

"कळप उठून गेल्यावर पायली घेत नसतेत," म्हणाला, आणि काठी उचलून मेंढरांकडे गेला.