पावलाला पाऊल

निलगिरीच्या मलमाचा वास आला की परदेशातल्या आमच्या हेन्डरसन उपनगरातल्या वृद्धाश्रमाची ती हीटरने कोंदलेली खोली आठवते. मी शाळेच्या शेवटच्या वर्षात होते. पुढे फिजिओथेरपीला प्रवेश मिळावा म्हणून विद्यापीठातल्या पहिल्या वर्षाचे विषय आईबरोबर बसून ठरवले होते. हे काम आपल्याला जमेल का, एवढंच पाहायचं राहिलं होतं, म्हणून तिथे मदतीला गेले होते. पक्षाघात झालेल्या एका आजोबांना उभं करायचं होतं. तिथल्या फिजिओ म्हणाल्या, "त्यांच्या कमरेला बांधलेला पट्टा धर आणि तुझं पाऊल त्यांच्या डाव्या पावलासमोर टेकव, म्हणजे ते घसरणार नाहीत." आजोबा उठले, त्यांच्या पावलाला माझा पाय लागला आणि लहानपणापासूनच्या सवयीने मी पट्टा सोडून नमस्काराला वाकले. त्यांचा गुडघा दुमडला. आधार शोधणारा त्यांचा हात माझ्या डोक्यावरून हवेत फिरला. फिजिओंनी त्यांना मागून धरून खुर्चीत बसवलं. ठरवलेलं सगळं इथेच संपलं असं वाटलं. "पडत होतो मी, तू का खाली गेलीस?" आजोबांनी विचारलं. मोठ्यांना पाय लागला तर आम्ही नमस्कार करतो, असं मी कसंबसं सांगितलं. "मग तो आधीच करून घे. या वेळी सोडू नकोस." मी त्यांच्या पावलांना हात लावला, पट्टा धरला, पाऊल टेकवलं. त्यांचं सगळं वजन माझ्यावर आलं. आता हेच माझं रोजचं काम आहे. नमस्कार मी आधी मनात उरकते, आणि पट्टा अजूनही बोटं पांढरी पडेपर्यंत धरते.