अभ्यासिकेचा संगणक बटण दाबताच उघडतो

कोपरीतल्या आमच्या बुद्धविहाराची अभ्यासिका मीराबाई उघडतात. शाळेतून शिपाई म्हणून निवृत्त झाल्यावर हे काम त्यांनी स्वतःहून मागून घेतले. मराठी वर्तमानपत्र त्या शेवटच्या पानापर्यंत वाचतात. इंग्रजी अक्षरांशी मात्र त्यांचे कधी जमले नाही.

अभ्यासिकेत एक जुना संगणक आहे. विहारातल्याच महेंद्रने त्यावर लिनक्स ही मोफत प्रणाली बसवली आणि पासवर्ड स्वतःकडे ठेवला. पुढे त्याला लांब घोडबंदर रोडला नोकरी लागली. मुले बंद पडद्यासमोर त्याची वाट बघून घरी जाऊ लागली. शेवटी समितीचे अध्यक्ष आबा म्हणाले, "वापर होत नसेल तर रविवारी संगणक कार्यालयात हलवू." मी सचिव, मलाही ते पटले.

मीराबाईंना पटले नाही. शनिवारी महेंद्रला सुट्टी होती. त्यांनी त्याला घरातून उठवून आणले.

"मावशी, पासवर्ड कागदावर लिहून देतो ना," तो म्हणाला.

"तू इंग्रजीत लिहिणार, मी चुकणार, पोरं ताटकळणार. बटण दाबलं की दिवा लागतो ना? तसं कर."

"आणि चोर आला तर?" जाता जाता दारात थांबलेल्या आबांनी विचारले.

"चोर काय पासवर्ड टाकत बसतो, आबा? तो अख्खा डबा उचलून नेईल. त्याच्यासाठी दाराला कुलूप आहे."

महेंद्रने सेटिंग्जमध्ये स्वतःच्या नावापुढे आपोआप लॉग-इन चालू केले आणि संगणक पुन्हा सुरू केला. काही न विचारता पडदा उघडला. पण खाते त्याचे, त्यामुळे फायलीही त्याच्याच. दहावीतल्या समीक्षाने एक उघडली, तर तो त्याचा लग्नासाठी केलेला बायोडेटा निघाला.

"उंची पाच फूट नऊ इंच," तिने मोठ्याने वाचले.

मीराबाईंनी त्याला खालपासून वरपर्यंत पाहिले. "दारातून आलास तेव्हा एवढा नव्हतास रे!"

महेंद्रने घाईघाईने आपले खाते पुन्हा पासवर्डाखाली घातले. मुलांसाठी 'अभ्यासिका' नावाचे साधे खाते काढले आणि आपोआप लॉग-इन फक्त त्याला दिले.

"आता तू बाहेर थांब," मीराबाई म्हणाल्या. "तू नसताना चालतं का बघते."

संगणक उघडला, पण ब्राउझर सुरू करताच पुन्हा पासवर्डाची चौकट आली. महेंद्रला आत बोलावणे गेले.

"ही साठवलेल्या पासवर्डांची तिजोरी आहे, मावशी. तिचा पासवर्ड कोरा ठेवतो. मात्र इथे कोणी आपला पासवर्ड साठवायचा नाही."

"नाही साठवू देणार. बंद कर. आणि परत बाहेर जा."

या वेळी कोणतीच चौकट आली नाही. तरी त्यांनी आणखी एकदा बंद करून पाहिलेच.

रविवारी आबा रिक्षा घेऊन आले. मीही सोबत होतो. महेंद्रचा पत्ता नव्हता. समीक्षा स्क्रीनवर सराव परीक्षा सोडवत होती आणि मागे तिघे खुर्च्या ओढून बसले होते.

"हिचं होऊ दे, मग नेऊ," आबा हळूच म्हणाले.

"हिच्यानंतर हे तिघं आहेत. उद्या दुसरे येतील," मीराबाई म्हणाल्या. "रिक्षा किती वेळ थांबवणार?"

 आबांनी मला रिक्षावाल्याला जायला सांगायला पाठवले.