ढाल असलेला गेम

सैन्यातली सव्वीस वर्षं संपवून मी पलूसला घरी आलो, तेव्हा माझी मुलगी तेवीस वर्षांची होती. तिच्या जन्माच्या आधीपासून मी बाहेर. सगळ्या सुट्ट्या मिळून तिच्याबरोबर किती राहिलो ते कधी मोजलं नाही. फोनवरचं आमचं बोलणं ठरलेलं असायचं. जेवलीस का, पेपर कसा गेला, आईला दे. एका घरात राहायला लागल्यावर हे प्रश्न दुसऱ्याच दिवशी सकाळी संपले.

ती सांगलीला एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करते, रोज एसटीनं जाते-येते. रविवारी सकाळी पोहे खाऊन झाले की टीव्हीसमोर सतरंजीवर बसायची आणि कंट्रोलर हातात घेऊन गेम खेळायची. मी मागं खुर्चीत पेपर धरून बसायचो. पेपर नावालाच. पडद्यावर एक माणूस मोडक्या किल्ल्यात शिरायचा, कुणीतरी त्याला मारायचं, तो पुन्हा पहिल्या जागी उभा राहायचा आणि पुन्हा त्याच वाटेनं निघायचा. एका रविवारी मी तिला त्याच एका राक्षसाकडून अकरा वेळा मरताना पाहिलं. बाराव्या खेपेला तिनं त्याला पाडलं. पाडल्यावर तिनं फक्त मान एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं मोडली आणि पाणी प्यायली.

मी अनेक वर्षं ट्रेनिंग सेंटरला उस्ताद होतो. उस्ताद म्हणजे नव्या भरतीच्या पोरांना, रंगरूटांना, कवायत शिकवणारा. अकरा वेळा चुकून बाराव्यांदा शांतपणे उभं राहणारा रंगरूट मला फार कमी वेळा भेटला.

पुढच्या रविवारी मी पेपर बाजूला ठेवला आणि म्हणालो, "मला खेळायचा हाय ह्यातला एक. पहिला कुठला घेऊ?"

तिनं खेळ थांबवला आणि वळून बघितलं. मी चेष्टा करतोय का, ते बघत असावी.

"पप्पा, साधा गाड्यांचा वगैरे घ्या की आधी."

"गाड्यांचा नको. तू खेळतीस तसला."

"ह्या जातीच्या गेममध्ये पहिला कुठला घ्यायचा, ह्याच्यावरनं लोकांची भांडणं होतात."

"होऊ द्यात. तू सांग."

मग तिनं मला तीन गेम सांगितले. एक होता नुसत्या तलवारीचा. त्यात ढाल नाही. समोरच्याचा वार ज्या क्षणी येईल त्याच क्षणी आपली तलवार आडवी घालायची, आधी घातली तरी मेला, उशीर झाला तरी मेला. त्यात आपल्या माणसाची ताकद वाढवून घ्यायची सोयही जवळजवळ नाही, वाढायचं ते आपण स्वतः. दुसरा नवा होता, त्यात भलामोठा मुलूख आणि फिरायला घोडा. एखाद्या ठिकाणी जमेना तर सोडून दुसरीकडं जाता येतं, म्हणून नवख्याला बहुतेक जण तोच घ्यायला सांगतात. तिसरा जुना, जरा मळकट दिसणारा, संथ. त्यात ढाल आहे, आणि आपला माणूस ताकदीचा करायचा की चपळ, हे आपण हळूहळू ठरवायचं.

"ह्यातला सगळ्यात अवघड कुठला?" मी विचारलं.

"तलवारीचा."

"मग तोच लाव."

"का पण?"

"का म्हणजे? मी काय रंगरूट हाय व्हय?"

तो गेम तिच्याकडं होताच. तिनं डिस्क घातली, कुठलं बटण कशाला ते एकदा दाखवलं आणि ती केस वाळवायला गच्चीवर निघून गेली.

पंधरा दिवस मी पहिल्याच दरवाजाच्या पुढं गेलो नाही. मुलगी कामाला गेली की दुपारी मी बसायचो. माझी बोटं जाड, एक बटण दाबायला गेलं की दोन दाबली जायची. दरवाजावर एक साधा पहारेकरी होता, बॉस, म्हणजे शेवटी भेटणारा मोठा राक्षस, वगैरे कुणी नव्हता. तो मला मारायचा. ह्या गेमचा नियमच असा, की आपण मेलो की विसाव्याच्या जागी परत जायचं, आणि वाटेत आपण मारलेले सगळे पुन्हा जिवंत होऊन आपापल्या जागी उभे. म्हणजे पहारेकऱ्यापर्यंत पोचायलाच चार जणांशी नव्यानं झुंजायचं.

बायको पलीकडं शेंगा फोडत बसलेली असायची. एक दिवस तिनं विचारलं, "आवं, त्यो पडलाय त्यो तुमी हाय का?"

"व्हय."

"सारखं तुमीच पडताय की."

तिनं वाईट अर्थानं विचारलं नव्हतं, पण मला लागलं. बायको-मुलीसमोर मी कधी हरलेला दिसलो नव्हतो. हरायला मी घरात असायला तर पाहिजे होतो.

तिसऱ्या रविवारी मुलगी घरी असताना मी खेळत होतो. पहारेकऱ्यानं मला पाच मिनिटांत सहा वेळा पाडलं. मी त्याला सैन्यातल्या शिव्या घातल्या आणि कंट्रोलर सतरंजीवर आपटला.

"ह्यो खेळच खोटा हाय," मी म्हणालो. "आणि तू तिथं बसून बघतीस. मी कुठं चुकतोय ते सांगायला काय होतंय?"

"तुम्ही विचारलं नाहीत," ती म्हणाली.

"विचारायला कशाला पायजे? दिसतंय की."

"मागं उभं राहून कुणी ओरडायला लागलं की मला अजून चुकायला होतं. म्हणून मी कुणाला न विचारता सांगत नाही."

आवाज साधाच होता तिचा. पण ती कशाबद्दल बोलतीये ते मला तिथल्या तिथं कळलं. ती नऊ वर्षांची असताना मी महिन्याच्या सुट्टीवर आलो होतो आणि तिला आमच्या विहिरीत पोहायला शिकवायचं ठरवलं होतं. पाठीला डबा बांधला होता. मी काठावर उभं राहून ओरडत होतो, हात मार, पाय मार, घाबरतीस काय. रंगरूटांवर ओरडायचो तसंच. मला दुसरी पद्धत येतच नव्हती. चौथ्या दिवशी ती पायऱ्यांवर बसली आणि पाण्यात उतरली नाही. मी हाताला धरून ओढलं. ती रडली नाही, पण कठडा सोडला नाही. माझी सुट्टी संपली आणि मी गेलो. तिला अजून पोहता येत नाही.

"त्या विहिरीचं अजून डोक्यात हाय व्हय?" मी विचारलं.

"आहे," ती म्हणाली. कंट्रोलर उचलून तिनं कपाटात ठेवला आणि आत जेवायची ताटं घ्यायला गेली.

त्या दिवशी मी पुढं काही बोललो नाही. जेवताना नाही, संध्याकाळी नाही. वरच्या साहेबांपुढं चूक कबूल करायची सवय मला होती, पण पोरीपुढं कशी करतात ते माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला स्टँडवर सोडायला गेलो. गाडी यायची होती. मी म्हणालो, "विहिरीवर मी चुकलो. तसं शिकवायचं नसतंय पोरांना."

तिनं माझ्याकडं बघितलं, मग रस्त्याकडं. म्हणाली, "तलवारवाला सोडा. तो तुम्ही खेळायला घेतला नव्हता, आम्हाला दाखवायला घेतला होता." गाडी आली आणि ती चढली. मी घरी येईपर्यंत तिचा मेसेज आला होता, की मलकापूरला एक जण जुन्या डिस्क विकतो, रविवारी जाऊ.

मलकापूरच्या त्या माणसाचं चष्म्याचं दुकान होतं. मला वाटलं होतं कुणी कॉलेजातला असेल, तर पन्नाशीचा, पांढऱ्या मिशीचा गडी निघाला. माझ्या चालण्यावरनं त्यानं ओळखलं आणि मला मेजर म्हणायला लागला. आमच्याकडं सैन्यातनं आलेला कुणीही मेजरच असतो. मुलीनं सांगितलं, की घोड्याचा आणि ढालीचा असे दोन्ही तुमच्याकडं आहेत, पप्पांना पहिला कुठला द्यावा कळत नाही.

त्यानं डिस्क काढल्या नाहीत. आधी मला स्टुलावर बसवलं, जसं गिऱ्हाइकाला नंबर काढायला बसवतात.

"मेजर, गेममधी मेल्यावर तुमी काय करता?"

"शिव्या देतो."

"मग?"

"मग लगेच पळत जातो त्याच्या अंगावर."

"मदी जरा थांबत न्हाई?"

"न्हाई."

"मग ढालवाला घ्या," तो म्हणाला. "ढालीमागं उभं राहून बघता येतंय, समोरचा हात कवा उचलतो, किती वार करतो, दमतो कवा. तलवारवाल्यात बघायला सवडच न्हाई."

मुलगी म्हणाली, "पण सगळे घोड्याचाच घ्या म्हणतात. अडलं तर दुसरीकडं जाता येतं."

"बरोबर हाय त्यांचं. गेम लय चांगला हाय. पण मी पहिला त्योच घेतला हुता. एका जागी अडलो की उठून दुसरीकडं, तिथं अडलो की तिसरीकडं. नुसता मुलूख बघत हिंडलो, शिकलो काय न्हाई. जुन्यात एका दाराशी बसावं लागतंय. बघा, तुमाला काय सोसतंय ते."

असं मला कुणी विचारलं नव्हतं. कुठला गेम चांगला, ह्याच्यावरच सगळे बोलत होते. मी विचार केला. बोटं मंद. नजर जवळचं वाचायला चष्मा मागते. संताप लवकर येतो. पण पहाऱ्यावर तासन् तास उभं राहायची सवय आहे, तीच एवढी जमेची बाजू. मी ढालवाला घेतला.

येताना मोटरसायकल मुलीनं चालवली. उसाच्या ट्रॅक्टरांमागं हळू यावं लागलं. दोन ठिकाणी तिनं गियर उशिरा बदलला असं मला वाटलं, पण मी मागं गप्प बसलो.

गेम सुरू केल्यावर आपला माणूस कसा असावा ते विचारतात. मी चिलखतवाला, मोठ्या ढालीचा शिपाई घेतला. त्याचं नाव काय ठेवायचं म्हणून विचारलं, तेव्हा बायको शेजारी होती. ती म्हणाली, माझ्या म्हायेरचं घाला. तिचं माहेर मेढ्याचं, म्हणून आमच्या शिपायाचं नाव मेढा.

मी पुन्हा मरायला लागलो, पण ह्या खेपेला वेगळ्या तऱ्हेनं. ढाल वर धरून समोरच्याभोवती नुसता फिरायचो. वार करायचाच नाही असं ठरवून दोन-तीन फेऱ्या जायचो आणि मरून यायचो. रविवारी मुलगी शेजारी बसायची. मी विचारलं तरच बोलायची. एकदा मी विचारलं, "आता काय चुकलं?" ती म्हणाली, "ढाल सारखी वर धरली की आपल्या माणसाचा गेलेला दम भरून येत नाही. वार येणार नसेल तेव्हा खाली घ्या." एवढंच. मी ते वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलं. सेंटरला जिथं अशा एका वाक्यानं काम झालं असतं, तिथं मी पोरांना मैदानाला चार-चार चकरा पळवलं होतं. आता आठवलं की एकेकाचा चेहरा समोर येतो. त्यातले बरेच चांगले शिपाई झाले. ते माझ्यामुळं झाले की मला सोसून झाले, हे मला सांगता येणार नाही.

पहिला मोठा बॉस एक पहाडासारखा दगडी राखणदार होता. त्याच्यापर्यंत पोचायलाच मला तीन आठवडे गेले, आणि त्याच्यापुढं आणखी दोन. त्याचे हातोड्याचे तीन वार असायचे, दोन आडवे आणि तिसरा वरनं. तिसऱ्यानंतर तो हातोडा उचलायला वेळ घ्यायचा. तेवढ्यात एकच घाव घालायचा आणि मागं यायचं. दुसऱ्या घावाची हाव धरली की मेलो. मी कितीतरी वेळा दुसऱ्या घावाच्या हावेनंच मेलो.

बुधवारी दुपारी तो पडला. बायको शेंगा फोडायची थांबली होती. पडद्यावर तो दगड होऊन फुटला, तसं ती म्हणाली, "गेला?"

"गेला."

"आता उठनार न्हाई ना परत?"

"ह्यो न्हाई उठत."

"बरं झालं. च्या ठेवते."

मी मुलीला फोन लावला. ती कामात असते म्हणून दुपारी मी तिला कधी फोन करत नाही, त्यामुळं ती घाबरली. "काय झालं? आई बरी आहे ना?"

"बरी हाय. दगडाचा पडला."

ती हसली. ऑफिसातल्या कुणाला तरी तिनं, "पप्पांनी बॉस मारला," असं सांगितलेलं मला ऐकू आलं. मग तिनं विचारलं, "कसा मारला? पहिल्यापासनं सांगा."

मी सांगायला लागलो. तिसरा वार, हातोडा, हाव. ती मध्ये मध्ये विचारत होती. डावीकडनं गेलात की उजवीकडनं, औषध पिऊन जखम भरायला कधी थांबलात. चहा आला, गार झाला, तरी आम्ही बोलत होतो. जेवलीस का, हे विचारायचं राहूनच गेलं.

फोन ठेवल्यावर मी राखणदारामागचं दार उघडलं. पुढं उतार होता आणि गवत वाढलं होतं. मी दहा पावलं गेलो असेन, एक कुत्रं गवतातनं आलं आणि त्यानं मला मारलं.