मुराळी निघाला, पण हेडलाइटला आला घाम

समुद्रपूरहून निघालो तेव्हाच गाडीचा डावा डोळा पाणावलेला होता. हेडलाइटच्या काचेला आतून वाफ धरलेली आणि खाली थेंब साचलेले. मी बाहेरून फडकं मारत बसलो. बाहेरून पुसून आतलं पाणी जात असतं, तर मी कशाला चिडलो असतो?

जायचं होतं हिंगणीला, ताईला आणायला. म्हणजे मी मुराळी (बहिणीला माहेरी न्यायला जाणारा भाऊ). तिचा सातवा महिना संपत आलेला, उद्यापासून आठवा. आमच्याकडे आठव्यात पोरीला हलवत नाहीत. आज राहिली तर थेट नवव्यात. आणि ती रोज फोनवर एकच विचारायची, "येऊन राह्यला ना रे?"

जाम गाव मागे पडल्यावर दोन्ही बाजूंना पऱ्हाटी (कपाशी) आणि पाठीवर पंप घेऊन फवारणारी माणसं. पाहायला छान. माझं सगळं लक्ष त्या काचेत.

वर्ध्याला तर्री पोहे खाल्ले आणि शेजारच्या मेकॅनिकला गाडी दाखवली. हा माणूस बोनटला हात न लावता बोलतो, तोही नाकातून. "पूर्ण लाइटच बदला लागते." ते जमणार नाही म्हटल्यावर त्यानं काचेच्या कडेनं चिकट पट्टा ओढला. "आता थेंब जात नाई आत."

"अन् आत हाय त्याचं?"

"थो निघते आपोआप."

कुठून निघते? दार तर तूच लावलं ना, भाऊ! हिंगणीपर्यंत मी त्याच्याच आवाजात त्याला शिव्या देत गेलो.

ताईच्या सासूबाईंनी पाटोडीचा रस्सा वाढला. हात धुऊन मी उठलो, तर म्हणाल्या, "ओटी भरल्याबिगर कशी जाईन? बाया वावरातून (शेतातून) आल्या का निघजा." म्हणजे अंधारच. मग अंगणात त्यांची नजर गाडीवर गेली.

"ह्या लाइटीनं नेशीन तिले? रस्त्यात रोही (नीलगाय) आडवा येते."

"काकू, दुसरा चांगला हाय ना."

"मंग कानी (एका डोळ्याची) गाडी म्हन. कान्या गाडीत मी सून पाठवत नाई."

दारात ठेवलेली बॅग ताईनं उचलली आणि आत नेऊन ठेवली. त्या मेकॅनिकचा मला असा राग आला की बस.

भाऊजींनी बोनट उघडलं, वाकून पाहिलं. "साळेबुवा, मागचं टोपण कुठी हाय?" हेडलाइटच्या पाठीला मुठीएवढं गोल भोक होतं, आतला बल्ब सरळ दिसत होता.

मी बाबांना फोन लावला.

"ते काळं रबरी? फवारणीच्या पंपाले बसवलं. पंपाचं हरपलं होतं. काय फिट बसलं, सांगू."

"बाबा, लाइटीत पाणी शिरलं."

"मंग पुसून घे ना."

सकाळपासून मी दुनियेला शिव्या देतोय आणि चोर घरात! मी तिथंच बाबांचा आवाज काढला, "काय फिट बसलं, सांगू." ताई हसली. सासूबाईंनी तोंडाला पदर लावला.

ताईनं लग्नात आलेलं केस वाळवायचं मशीन काढून दिलं. भाऊजींनी बल्ब काढून मागच्या भोकातून गरम हवा सोडली. वाफ कडेपासून सरकत गेली, थेंब आटले, काच मोकळी झाली. बल्ब परत बसवून भोकावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा लावला, पण तो टिकेना. सासूबाईंनी लेकाला बाजूला सारलं.

"लोणच्याच्या बरणीले दादरा (तोंडाला बांधायचं फडकं) बांधला का कधी?" आणि सुतळीनं अशी गाठ मारली की ट्यूब ढोलावानी ताठ. मी लाइट लावला. गोठ्याच्या भिंतीवर दोन पांढरे गोल पडले. त्या थोडा वेळ पाहत राहिल्या, मग सुनेला म्हणाल्या, "बॅग आन."

वावरातून आलेल्या बायांनी ओटी भरली आणि आम्ही निघालो. जंगलाच्या रस्त्यानं मी हळू चालवत होतो. डाव्या अंगाला, बरोबर त्याच उजेडात, रोही उभा होता. मी थांबलो. त्यानं आमच्याकडे पाहिलं आणि सावकाश झाडीत शिरला. ताई पोटावर हात ठेवून बसलेली. मीही आवाज काढला नाही, कोणाचाच.

घरी बाबांनी लेकीला उतरवून घेतलं, पाणी ओवाळून टाकलं आणि लगेच बोनट उघडायला लावलं. ट्यूबवर टिचकी मारून पाहिली.

"हे तं पंपाले अजून चांगलं बसन."

"हात लावजा," ताई म्हणाली, "मंग सासूले फोनच लावतो."

बाबांनी बोनट खाली केलं. टोपण अजून पंपावरच आहे. इतकं फिरून मला एवढंच कळलं, की गाडी बिघडली तर मेकॅनिककडे जायच्या आधी आपल्या घरचा पंप पाहावा.